कलाभवनात केमिकल की खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर? सल्ला हवा

दांडियाबाजार:
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गुजकेट (गुजरातची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) दिली, एसीपीसीची (राज्याच्या प्रवेश समितीची) नोंदणीही झाली. गेल्या वर्षीचे कटऑफ बघता बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग विभागात, म्हणजे आपल्या कलाभवनात, केमिकल मिळेलसं दिसतं. कॉम्प्युटर काही मिळणार नाही आणि तिला तेच करायचं आहे.

शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटरची जागा मिळते आहे. फी वर्षाला १,९०,०००. त्यात ४० टक्के 'मेरिट स्कॉलरशिप' देऊ म्हणतात, म्हणजे ७६,००० कमी. बसचे २८,००० वेगळे. येत्या शनिवारपर्यंत २५,००० भरून जागा पक्की करायला सांगितलं आहे, नाहीतर स्कॉलरशिप दुसऱ्याला जाईल म्हणे.

यजमान मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला आहेत, वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास. धाकटा नववीत आहे. सासरे म्हणतात, माझी एफडी मोडा पण नातीला हवं ते शिकू दे. त्यांच्या औषधपाण्याची तीच सोय आहे, तिला हात लावायची माझी तयारी नाही. आणि मुलीला सरळ नाही म्हणायलाही जीव धजावत नाही. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतापनगर:
शनिवारपर्यंत एक रुपयाही भरू नका, ताई. बाकीचं सावकाश बोलू.

कोयलीकर:
मी केमिकलवाला आहे, बाजू घेणारच. पण मुलीला एकदा नकाशा उघडून दाखवा. कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगरचा जीएसएफसी हा खत कारखाना, नंदेसरीची औद्योगिक वसाहत, खाली अंकलेश्वर, दहेज, पार वापीपर्यंत केमिकलचाच पट्टा. देशात केमिकल शिकायला बडोद्याइतकी सोयीची गावं थोडी. कॉम्प्युटर कुठेही बसून शिकता येतं. डिस्टिलेशन कॉलम समोर उभा राहून बघावा लागतो, आणि तो इथे तासाभराच्या अंतरावर चालू अवस्थेत बघायला मिळतो.

आणि कलाभवन म्हणजे काही आजचं नाही. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेली संस्था. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे, आणि १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषध-रसायनांची कंपनी उभी राहिली तीही त्यांच्याच विद्येच्या जोरावर. बडोद्याच्या केमिकल उद्योगाचं मूळ त्या वास्तूत आहे.

निझामपुरा_०२:
कोयलीकर काका, आदर आहे, पण १८९० च्या पुण्याईवर आजच्या मुलीने शाखा निवडायची का? तिला कॉम्प्युटर हवं आहे. चार वर्षं नको त्या विषयाशी झटणं सोपं नसतं. मी एका सरकारी कॉलेजात शिकलो (बडोद्यातल्या नव्हे). तिथे लॅबमधली निम्मी मशीन बंद असायची आणि प्लेसमेंटला म्हणून कोणी फिरकत नसे. माझा भाचा खासगीत गेला. पहिल्या वर्षापासून प्रोजेक्ट, स्पर्धा, कंपन्यांची माणसं येऊन बोलणार. लाजरा मुलगा बोलका झाला आणि शेवटच्या वर्षी नोकरी हातात घेऊन बाहेर पडला. घरच्यांनी पैसे ओतले, पण वाया गेले असं कोणी म्हणत नाही. खासगी म्हटलं की लगेच नाक मुरडू नका.

शियाबाग:
निझामपुरांचं पटतं, तरी आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या दिरालाही एका खासगी विद्यापीठाने अशीच स्कॉलरशिप दिली होती. पहिल्या वर्षी सगळं सुरळीत. दुसऱ्या वर्षाची पावती आली त्यात सूटच नाही. विचारायला गेलो तर त्यांनी प्रवेशाच्या वेळचा कागद काढून दाखवला. वर ठळक अक्षरांत सवलतीची टक्केवारी, आणि अगदी तळाशी, सहीच्या रेघेच्या जरा वर, बारीक टाइपात एक ओळ: सीजीपीए ८ च्या खाली गेल्यास किंवा एकही विषय राहिल्यास सवलत रद्द. (सीजीपीए म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांची दहापैकी सरासरी.) त्याचा पडला होता ७.७. सही सासऱ्यांची होती. कोणाशी भांडणार?

ताई, तुमच्या कागदावर ती ओळ आहे का ते आधी बघा. सूट चारही वर्षं की फक्त पहिलं, कशावर अवलंबून, आणि फी दरवर्षी वाढली तर ४० टक्के वाढलेल्या फीवर की जुन्या आकड्यावर, हे तिन्ही लेखी घ्या. तोंडी सांगणारा काउन्सेलर पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही.

गणितमास्तर:
शियाबागांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. चार वर्षांची पूर्ण फी ७,६०,०००. सूट चारही वर्षं टिकली तर ४,५६,०००. फक्त पहिल्या वर्षी मिळाली तर ६,८४,०००. दोन्हींमधला फरक २,२८,०००, आणि तो सगळा त्या बारीक ओळीवर लटकलेला. बस चार वर्षांची १,१२,००० वेगळी. फीवाढ यात धरलेली नाही. ताईंनी घरी बोलताना ४,५६,००० नव्हे, ६,८४,००० अधिक बस हाच आकडा समोर ठेवावा. तो झेपत असेल तर बाकी चर्चा.

सीजीपीए ८ ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या वर्षाच्या गणितात भल्याभल्यांची दांडी उडते.

मांजलपूर_मॅडम:
मी एका सेल्फ-फायनान्स कॉलेजात शिकवते. या धाग्यावर अजून कोणी टीएफडब्ल्यूचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतं. ट्यूशन फी वेव्हर. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, योजना आहे. मान्य कॉलेजांत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि ट्यूशन फी पूर्ण माफ. बाकीचे किरकोळ आकार भरावे लागतात. ताई, तुमचं उत्पन्न यात बसतं. कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो हे खरं, पण जवळपासच्या कॉलेजांत कॉम्प्युटर किंवा आयटीची टीएफडब्ल्यू जागा एसीपीसीतून लागली तर तुमचा प्रश्नच मिटला. एकच ध्यानात ठेवा, त्या जागेवर घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

एमवायएसवाय मात्र तुम्हाला मिळणार नाही. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची उत्पन्नमर्यादा ६ लाख आहे. ज्यांचं त्यात बसतं त्यांच्यासाठी लिहिते: बारावीत ८० पर्सेंटाइल हवेत, इंजिनिअरिंगला ट्यूशन फीच्या निम्मे किंवा ५०,०००, यांतलं जे कमी ते दरवर्षी.

मुलीसाठी आणखी एक, एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती. पदवीच्या मुलींना वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज. गुणवत्तेवर निवड होते म्हणून मिळेलच असं नाही, पण माझ्या वर्गातल्या पात्र मुलींपैकी कित्येक जणी अर्जच करत नाहीत. दर वर्षी मी वर्गात उभी राहून सांगते, आणि दर वर्षी मुदत उलटल्यावर दोघी-तिघी रडवेल्या होऊन येतात. फार वाईट वाटतं.

पुणेरी_भाचा:
महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. पुण्याला पाठवा की तिला! मामा-मावशी कोणीतरी असेलच.

प्रतापनगर:
भाच्या, त्याला महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचे. घरात मराठी बोलतो, गणपती बसवतो, पण दाखले सगळे गुजरातचे. दर वर्षी कोणी ना कोणी नातेवाईक प्रेमाने हा सल्ला देतो आणि दर वर्षी तोच खुलासा करावा लागतो.

त्यावरून आठवलं, आपल्यापैकी जे राखीव वर्गात येत नाहीत त्यांच्यासाठी गुजरातचं बिनअनामत (म्हणजे बिनराखीव) वर्गाचं निगम आहे. १० लाखांपर्यंत शिक्षणकर्ज, ४ टक्के सरळ व्याज. उत्पन्नमर्यादा ६ लाख असल्याने ताईंना नाही, पण आपल्या मंडळातल्या अनेक घरांना लागू पडेल.

सयाजीबाग:
शिष्यवृत्तीचा विषय आणि बडोदा, म्हणून थोडं अवांतर. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा लेखी करार होता. अट होती, पण दोन्ही बाजूंना स्वच्छ ठाऊक होती. सूट नावाखाली गिऱ्हाईक ओढणं आणि शिष्यवृत्ती देणं यांत हाच फरक आहे.

वारसिया:
सयाजीबाग, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९१७ मध्ये ते करार पाळायला परत आले तेव्हा याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही हाकलले गेले. कामाठीबागेत झाडाखाली बसून ते रडले, ती जागा आज संकल्पभूमी आहे. आपल्या गावाचं कौतुक करताना हेही त्याच दमात सांगायला हवं. पैसे देणारा मिळाला म्हणजे शिकणाऱ्याची वाट मोकळी होते असं नाही. आजही नाही. माझ्या पुतण्याला पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे वर्ष सरत आल्यावर खात्यात आले. तोवर फीचं काय हे त्याचं त्यानेच बघायचं होतं.

सयाजीबाग:
बरोबर आहे तुमचं. सांगायलाच हवं होतं.

फतेहगंज_विज्ञान:
मीही एक नाव घालतो. वेंकटरामन रामकृष्णन, २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल. एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. फिजिक्स केलं, १९७१ मध्ये बाहेर पडले, तेही राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्तीवर. फिजिक्स शिकून नोबेल मिळालं रसायनशास्त्राचं, आणि काम जीवशास्त्रातलं! पहिल्या पदवीची शाखा म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे.

निझामपुरा_०२:
अहो, नोबेलवाल्याचं उदाहरण मध्यमवर्गीय मुलीला काय कामाचं? तिला चार वर्षांनी पहिली नोकरी हवी आहे.

कलाभवन_तिसरं_वर्ष:
मी केमिकलच्याच तिसऱ्या वर्षाला आहे, मुलगी आहे, आणि मलाही कॉम्प्युटर हवं होतं, म्हणून लिहिते.

पहिलं सत्र जड गेलं. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना कानस धरून हाताला फोड आले, आणि व्हॉट्सअॅपवर कॉम्प्युटरच्या मैत्रिणी कोडिंगच्या स्पर्धांचे फोटो टाकत होत्या. तेव्हा खूप रडू यायचं. दुसऱ्या वर्षी मास ट्रान्स्फर आणि फ्लुइड सुरू झालं आणि मला विषय आवडायला लागला. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणणार नाही. माझ्या बॅचमधल्या एकीला तो आजही आवडत नाही आणि ती फक्त पास होते आहे.

मी सोबत पायथन शिकले. प्रोसेस सिम्युलेशन आणि डेटा यांत आमच्या शाखेतून बरंच काम करता येतं. काकू, तिला एवढंच विचारा की तिला कॉम्प्युटर आवडतं म्हणून हवं आहे की सगळ्या मैत्रिणी घेताहेत म्हणून. तिने स्वतःहून कधी एखादा प्रोग्रॅम लिहिला असेल तर तिचं ऐका. नसेल तर माझ्याशी बोलायला लावा, मी मोकळेपणाने सगळं सांगेन.

बँकवाला_रावपुरा:
एफडी मोडण्याआधी कर्जाचं नीट समजून घ्या. साधारण नियम असा: ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि पदरचे पैसेही घालावे लागत नाहीत. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत तारणाशिवाय मिळतं. त्याच्या वर बँक तारण मागते. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ते शिकतानाच महिन्याच्या महिन्याला भरलंत तर पुढचा भार पुष्कळ हलका होतो.

पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीतच ती चालते. त्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. म्हणून आधी बघा की ते खासगी विद्यापीठ त्या यादीत आहे का. तिथल्या कोणालाही विचारत बसू नका, योजनेच्या पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा.

आणि हप्त्याचा अंदाज. १० लाख, १० टक्के, १० वर्षं धरली तर महिन्याला साधारण १३,२००. एवढा हप्ता नव्या नोकरीच्या पहिल्या पगारातून जाणं म्हणजे काय ते मी रोज काउंटरपलीकडे बघतो. पोरं बिचारी प्रामाणिक असतात, फोन उचलतात, भरतो म्हणतात, पण पगारच पुरत नाही. कर्ज वाईट नाही. ज्या शिक्षणासाठी काढायचं ते त्या तोलाचं हवं.

आणंद_अपडाउन:
बडोद्याबाहेरचं कोणी बोलतच नाही. वल्लभ विद्यानगरचं बीव्हीएम हे इंजिनिअरिंग कॉलेज १९४८ पासूनचं, अनुदानित, त्यामुळे अनुदानित जागांची फी आवाक्यातली. नडियादला डीडीयू (धर्मसिंह देसाई विद्यापीठ) आहे. सकाळची गाडी पकडून आणंदला जाणारी किती मुलं प्लॅटफॉर्मवर दिसतात! मीही त्यांतलाच होतो. पासाचा खर्च खासगी विद्यापीठाच्या बसपुढे काहीच नाही. चॉइस भरताना ही नावं सोडू नका.

जेईई मेन दिली असेल तर लालबागच्या गतिशक्ती विश्वविद्यालयाचंही बघा. केंद्रीय विद्यापीठ, आणि घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

पुणेरी_भाचा:
आणि ट्रिपल आयटी वडोदरा? तेही घराजवळच ना?

आणंद_अपडाउन:
भाच्या, नाव वडोदरा पण वर्ग गांधीनगरला भरत आलेत. तू प्रत्येक वेळी काहीतरी जवळचं सुचवतोस आणि ते दूरच निघतं. ये एकदा इकडे, शेव-उसळ खाऊ आणि तुला गाव दाखवू.

मांजलपूर_मॅडम:
कलाभवनच्या मुलीने सोबत पायथन शिकल्याचं लिहिलं, त्याला धरून एक. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी आहे. २०२२ पासून यूजीसीने एक नियमित आणि एक ऑनलाइन अशा दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. माझे दोन विद्यार्थी ते करताहेत. झोप कमी होते, रविवार परीक्षांत जातात, पण मुलगी चिवट असेल तर केमिकल आणि डेटा दोन्ही हाती येतं. निदान पहिला टप्पा करून तरी बघावा. झेपलं नाही तर सोडता येतं, त्यात कमीपणा नाही.

गणितमास्तर:
शनिवारच्या २५,००० बद्दल. यूजीसीच्या २०१८ च्या परताव्याच्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी जागा सोडली तर पूर्ण फी परत मिळायला हवी. प्रक्रियेसाठी फार तर ५ टक्के कापता येतात, तेही ५,००० च्या वर नाहीत. पुढे ९०, ८०, ५० टक्के अशी उतरण, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. मूळ गुणपत्रक ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नाही. बघून परत द्यायलाच हवं. भरलंतच तर पावतीवर 'परत न मिळणारे' असं छापलेलं नाही ना ते बघा, आणि मूळ कागद हातचे सोडू नका.

दांडियाबाजार:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत बरंच काही झालं.

परवा यजमान आणि मुलगी दोघंच त्या विद्यापीठात गेले. शियाबागांचे तिन्ही प्रश्न मुलीनेच विचारले. अट आहे: दर वर्षी सीजीपीए ८, एकही विषय राहायला नको. सूट पहिल्या वर्षाच्या रकमेइतकीच, म्हणजे फी वाढली तरी ७६,००० च. हे लेखी द्या म्हटल्यावर "प्रवेश झाल्यावर देऊ" असं उत्तर आलं. शनिवारची मुदतही बोलता बोलता पुढच्या बुधवारवर गेली. मुलगी बाहेर येऊन बाबांना म्हणाली, आजोबांचे पैसे इथे नको.

लॅब मात्र तिला फार आवडल्या, हेही लिहायला हवं. निझामपुरा म्हणतात तसं तिथली मुलं खरंच उत्साही होती. लेखी हमी आणि हा उत्साह एकत्र मिळाला असता तर आम्ही वेगळा विचार केला असता.

कलाभवनच्या मुलीशी तिचं तासभर बोलणं झालं. काय बोलल्या ते मला सांगत नाहीत, पण नंतर हिने सगळ्या चॉइसेस नव्याने लिहून काढल्या. सगळ्यात वर जवळपासच्या कॉलेजांतल्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या टीएफडब्ल्यू जागा, मग बीव्हीएम आणि डीडीयूचं कॉम्प्युटर, त्याखाली कलाभवनचं केमिकल. केमिकल लागलं तर ते मन लावून करीन, पण मद्रासचा कोर्स सोबत करू द्यायचा, असं तिने आमच्याकडून कबूल करवून घेतलं आहे. सासऱ्यांनी तिला नवं टेबल घेऊन द्यायचं ठरवलंय, कारण सध्या ती धाकट्याबरोबर एकाच टेबलावर अभ्यास करते.

एक शंका: उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतूनच घ्यायचा का? आणि टीएफडब्ल्यूसाठी तो नंतर जोडता येतो का?

मांजलपूर_मॅडम:
नंतरवर ठेवू नका. नोंदणीतच जोडा. आधी नोंदणी केली असेल तर मुदतीच्या आत दुरुस्ती करून टीएफडब्ल्यूचा पर्याय निवडलेला आहे ना ते तपासा. नुसता दाखला जोडून तो पर्याय निवडायचा राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रतापनगर:
दाखला नर्मदा भवनच्या जनसेवा केंद्रात मिळेल. रेशनकार्ड, लाइटबिल, यजमानांचा फॉर्म १६ आणि फोटो बरोबर ठेवा. सकाळी लवकर जा, या दिवसांत रांग मोठी असते. मी उद्या तिथेच असणार आहे, माझ्याही भाचीचा दाखला काढायचा आहे. आलात तर भेटू.